तुटलं तिथून पुढे

वनिता गेल्याची बातमी मला पुण्यात, कार्यालयातल्या बैठकीतून उठून घेतलेल्या फोनवर कळली. पालघरच्या ज्या वसतिगृहात ती राहत असे, तिथल्या गृहपाल बाई बोलत होत्या. मी त्यांना क्रमाने विचारत गेले : किती वाजता, जवळ कोण होते, डॉक्टरांनी कारण काय सांगितले. उत्तरे समोरच्या कागदावर टिपून घेतली. मग बाई म्हणाल्या, "अनुजा, तू रविवारी येऊन गेलीस ना? सगळ्यांना सांगत होती ती." तो मंगळवार होता. मी टिपलेल्या चार ओळींत रविवार कुठेच नव्हता...

आमची ओळख अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातली. प्रकल्पासाठी चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडल्या आणि विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरून आलेली वनिता माझ्या वाट्याला आली. मला ते फारसे रुचले नव्हते, हे आज लिहायला हवे. तिला सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडापर्यंत वेदना उठतात. असा झटका आला की आठ-दहा दिवस ती दिसत नसे. परतली की पुन्हा ताठ चालणारी, हसणारी. हजेरी कमी भरल्यामुळे तिचे एक वर्ष बुडाले होते आणि येत असलेला अभ्यासही तिला पहिल्यापासून करावा लागला होता. ती सोंग करते, असे वर्गात काहीजण म्हणत. मी तसे म्हणत नव्हते. मी फक्त तिच्या गैरहजेरीचे दिवस धरून प्रकल्पाचे वेळापत्रक आखत होते.

आम्हाला सी भाषेत एक प्रोग्राम लिहायचा होता. सॉकेट ही नेटवर्कवरची जोडणी वापरून दोन संगणक सांधायचे, मोठ्या फाईलचे चार भाग पाडायचे आणि एकाच वेळी चालणाऱ्या चार थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्रामच्याच चार शाखांकडे, एकेक भाग सोपवून ती पलीकडे पोचवायची. मला वेग हवा होता. वनिताला वेगात रस नव्हता. जोडणी मध्येच तुटली तर फाईल तुटली तिथून पुढे सुरू झाली पाहिजे, पुन्हा पहिल्यापासून नाही, एवढाच तिचा हट्ट. प्रयोगशाळेत जोडणी तुटत नाही आणि गुण वेगाला आहेत, हे मी तिला मुद्देसूद समजावले.

"तुमच्या सरावलीत रेंज जात नाय, म्हणून तुला वेग सुचतो, मॅडम," ती म्हणाली. "आमी आधी पोचायचं बघतो."

शनिवारी ती आमच्या सरावलीच्या घरी कामाला बसायला येई. बाबा तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरीला, घर मूळचे सांगलीकडचे, त्यामुळे आईचा स्वयंपाक जहाल. पहिल्याच जेवणात डोळ्यांतून पाणी काढत ती आईला म्हणाली होती की मावशी, तुमच्या तिखटाने माझ्या पेशी सरळ होतील. त्यानंतर आईने तिच्यासाठी आमटी वेगळी काढायला सुरुवात केली आणि ती मात्र हटकून आमच्याच पातेल्यातली घेई.

तिच्या हट्टापायी, तुटलं तिथून पुढे जाण्याची ती सोय मी एका दुपारी लिहून टाकली. तर्क सोपा होता : पोचलेल्या फाईलची लांबी पाहायची, ती मूळ फाईलइतकी भरली की काम झाले. चाचणीत मी केबल उपसली, पुन्हा जोडली, पडद्यावर 'पूर्ण' असे आले. मी लॅपटॉप मिटणार, एवढ्यात वनिताने फाईल उघडून आतले आकडे पाहायला सुरुवात केली. मधला मोठा पट्टा नुसत्या शून्यांचा होता. शेवटच्या भागाचा थ्रेड आधी आटोपला, त्याने फाईलच्या टोकाशी लिहिले आणि लांबी पुरती भरली. मधले आलेच नव्हते.

"माझ्यासारखीच हाय ही," ती हसत म्हणाली. "बाहेरून धडधाकट. उघडून कोण बघतंय?"

मग तिने ती सोय स्वतः लिहिली. प्रत्येक भागाचे लहान तुकडे केले आणि कोणता तुकडा आला याच्या खुणा वेगळ्या ठेवल्या. तुकडा डिस्कवर खरोखर उतरल्यावरच खूण, त्याआधी नाही, यावर ती माझ्याशी तासभर भांडली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती रुग्णालयात होती. परीक्षकांनी स्वतः केबल उपसून पाहिली, फाईल थांबली तिथून पुढे निघाली. कौतुक मी ऐकून घेतले. 'आम्ही' हा शब्द मी प्रत्येक वाक्यात वापरला, तिचे नाव एकदाही घेतले नाही.

मी पुण्याला नोकरीला लागले. ती बुडालेले दोन विषय सोडवायला पालघरलाच राहिली. त्या रविवारी तिला रुग्णालयात दाखल करून तिसरा दिवस होता. मी पोचले तेव्हा ती खाटेवर उठून बसली होती, केस विंचरलेले, डबा संपवलेला. ताप उतरला होता. बोलताना वाक्ये अर्धी सुटत होती, श्वास वरवर चालला होता. मी त्याला थकवा हे नाव दिले. "बरी हाय मी," ती म्हणाली. "तू नीघ. उद्या तुझं काम हाय ना?" खरेच होते. मी तिच्याकडे नीट, पद्धतशीर पाहिले आणि निघाले. दुखणे छातीत उतरले होते. मी नंतर डॉक्टरांना विचारले, त्या दिवशी तिच्या श्वासाबद्दल कोणी बोलले असते तर? ते म्हणाले, फरक पडलाच असता असे नाही. या उत्तराचे काय करायचे, ते मला आजही कळलेले नाही...

तीन आठवड्यांनी मी तिच्या पाड्यावर गेले. तिच्या आईने लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला जुना लॅपटॉप बाहेर आणला. "इतकी वर्सं ती यात काय करायची, ते दाखव ना बाय," त्या म्हणाल्या. मी माझा लॅपटॉप शेजारी ठेवला, दोन्हींमध्ये केबल लावली आणि आमचा प्रोग्राम सुरू केला. काळ्या पडद्यावर आकडे वाढू लागले. त्यात पाहण्यासारखे काही नव्हते. मी केबल काढली, आकडे थांबले. जोडली, तिथूनच पुढे निघाले. हे वनिताने केले, मी सांगितले. त्यांनी पुन्हा करायला लावले.

"यात काय भरलंय?" त्यांनी विचारले.

"काही नाही, मावशी. चाचणीसाठी बनवलेली फाईल आहे. नुसते आकडे."

"काय नाय त्यात, तरी एवढं जपायची?"

आत काय आहे हे प्रोग्राम पाहत नाही, असे शास्त्रशुद्ध उत्तर माझ्याजवळ होते. मी फक्त हो म्हटले. त्या पडद्याजवळ सरकल्या.

"आता कुठवर आली ती?"

"अर्ध्याच्या पुढे."

"पोचेल ना?"

"पोचेल," मी म्हणाले. त्या घरात खात्रीने सांगण्यासारखे माझ्याजवळ तेवढेच होते. शेवटचा तुकडा येईपर्यंत आम्ही दोघी आकड्यांकडे पाहत बसलो.