बाहेर जाणारी रेघ

रोज सकाळी दुकानाचं शटर वर केलं की आनंदराज सोनकांबळे आधी कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्रावर तळहात ठेवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. त्यातून काही कळत नसे. कळायचं ते पडद्यावरून. पण हात ठेवल्याशिवाय तो पडद्याकडं बघत नसे. "आज किती ताप हाय वो?" त्याची बायको मनिषा हसून विचारायची. आता तो नाही. शटर तीच उघडते.

अहमदपुरातल्या कितीतरी घरांना इंटरनेट त्याच्या तारेतून जायचं. लातूरच्या कंपनीकडून तो घ्यायचा आणि खांबांवरून, गच्च्यांवरून घरोघरी पोचवायचा. पडद्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन रेघा असत, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी. लोकांना काळजी आत येणारीची. सिनेमा अडकला की फोन. आनंदराज बघायचा ती बाहेर जाणारी. घरात सगळे झोपलेले आणि ही रेघ मात्र चढलेली, म्हणजे तिथल्या एखाद्या यंत्रात काहीतरी शिरलंय आणि मालकाच्या नकळत ते जगातल्या दुसऱ्या यंत्रांवर दगड भिरकावतंय.

बसल्या जागी त्या घराची तार बंद करता यायची. तो करत नसे. त्याची आजी सरजाबाई गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून उभी राहायची. "कुणाचं काही बंद करायचं काम आपल्या हातून नगं," तो म्हणायचा. म्हणून आधी त्या घरी जायचा, यंत्र शोधायचा, साफ करायचा. तोवर दगड पडतच राहायचे. मनिषाला ते पटत नसे, पण त्या घागरीपुढं ती काय बोलणार?

एका उन्हाळ्यात शेषेरावांच्या घरची रेघ चढली. शेषेराव मोंढ्यातले आडते. पलीकडच्या साऱ्या वस्तीची तार त्यांच्याच गच्चीवरून गेलेली. आनंदराज गेला तर ते म्हणाले, "आज सवड न्हाई बाबा, उद्या ये." तो परत आला आणि रेघ तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी लातूरहून फोन आला. तुमच्याकडून निघालेला कचरा एका दवाखान्यावर आदळतोय, तिथली नोंदणी बंद पडलीय, दारात माणसं उभी आहेत. थांबवा, नाहीतर तुमचं सगळंच आम्ही तोडतो.

आनंदराजनं एवढंच विचारलं, "कवापासून उभी हायत?"

"एकट्या आपल्यामुळं थोडंच झालंय?" मनिषा त्याची समजूत घालत म्हणाली. "शंभर गावांतून जात असंल की."

"जात असंल. पर ही तार आपली हाय."

त्यानं शेषेरावांची तार बंद केली. मग बराच वेळ तो हाताकडं बघत होता. उठला तो मनिषाला म्हणाला, "तू बी चल."

शेषेराव मोंढ्यातून तणतणत घरी पोचले होते. "माय अंथरुणाला खिळलेली. दुकानातून मी कॅमेऱ्यात तिच्याकडं बघतो. तू माझा डोळाच काढून घेतलास! अन् आमच्या घरातलं तुला दिसतं तरी कसं रे?"

"आतलं कायबी दिसत न्हाई, मामा. बाहेर किती पडायलंय तेवढंच दिसतं. नालीचं पाणी रस्त्यावर आल्यासारखं."

"मग माझ्या गच्चीवरनं तुझी तार काढ."

"काढतो. आधी हे नीट करू द्या. तवर मनिषा मायपाशी बसंल."

दोष कॅमेऱ्याच्या डब्यात होता. बसवणाऱ्यानं कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला. कुणीही आत शिरावं. आनंदराज डब्यात शिरलेलं पुसून काढत असताना आतून शेषेरावांच्या मायनं, धुरपताबाईंनी, पाणी मागितलं. मनिषा उठली आणि माठापाशी थबकली. शेषेरावही थबकले. मग तांब्या त्यांनीच भरून तिच्या हातात दिला. तिनं चमच्याचमच्यानं म्हातारीला पाणी पाजलं.

"कोणाची ग तू?"

"तारवाल्याची, माय."

"तारवाल्याची? मग माझ्या नातवाचा सिनेमा का अडकतो ग सारखा?"

शेषेरावांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. नवा पासवर्ड आनंदराजनं त्यांनाच घालायला लावला आणि ते घालेपर्यंत स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तार चालू झाली. गच्चीचा विषय दोघांनीही काढला नाही.

"फुडल्या खेपेला आधी सांगत जा," एवढंच शेषेराव म्हणाले.

तेव्हापासून रेघ चढली की तो आधी बंद करायचा, मनिषाला फोन करायला लावायचा आणि पायात चप्पल सरकवून निघायचा. चालू करून दिल्याशिवाय त्या घरचा चहा घेत नसे. काही लोक भांडले, काहींनी दुसऱ्याची तार घेतली. शेषेरावांच्या गच्चीवरची तार मात्र अजून आहे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यानं यंत्रावर हात ठेवला, पडदा बघितला आणि एका शिकवणीवाल्या बाईंची तार बंद केली. त्यांच्या घरापर्यंत तो पोचला नाही. चौकातच छातीत कळ आली आणि तो खाली बसला तो उठलाच नाही. दुकानातून निघताना त्यानं मागं न बघता मनिषाला सांगितलं होतं, "बाईला फोन लाव. बंद केलंय म्हणून सांग. अन् मी यायलोय, हे बी सांग."