तो वर आला का?

फॉर्मालिनचा तो नाकात झोंबणारा वास... पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत उदबत्तीवर, दमट कपड्यांवर, कढीपत्त्याच्या फोडणीवरही तो मात करायचा. काचेच्या कपाटात शालूआत्याच्या बाटल्या ओळीनं उभ्या असत. एखादी हळूच हलवली की तळाशी निजलेले, तांदळाच्या कणीएवढे जीव गिरकी घेत वर यायचे आणि संथपणे पुन्हा खाली बसायचे.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करायची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यालगत खालच्या थंड पाण्याचा थर वर येतो, ती सांगायची, आणि त्यासरशी पाण्यातली वस्तीच पालटते – कणीसारखे जीव ओसरतात, भिजल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक, बुळबुळीत जीव माजतात. हा पालट थोड्या दिवसांत उरकतो. आजवर तो तिच्या हातून निसटला होता. यंदा होडी ठरली होती.

फोन शेजारच्या पाटीलकाकूंकडे. एका दुपारी त्या वाटी परत करण्याच्या निमित्तानं आल्या आणि आईच्या कानाशी लागल्या, "तुमची नणंद फोनवर कोनाला तरी ईचारत व्हती, तो वर आला काय? आला का लगेच निघते, बोलली. मना तर काय बरा वाटत नाय."

झालं! पाणी कुठंतरी मुरतंय, असं बाबांनी त्याच रात्री जाहीर केलं. संशय आमच्या घरात मिठासारखा, सगळ्यांच्या ताटात थोडाथोडा. मीही आत्याच्या वेणीतल्या अबोलीकडे निराळ्या नजरेनं पाहू लागले.

मग निरोप आला – निघा, तो वर आला. रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन आत्या पळस्प्याला गोव्याची एस. टी. धरायला निघाली, तर बाबा दारात उभे.

"तो कोण?"

"थर, दादा. थंड पाण्याचा थर."

"थराला भेटायला गोव्याला जातात?"

कोणी हसलं नाही. आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली, गाडी तिच्यावाचून गेली. आज आठवलं की मला बाबांचा राग येतो, अगदी मनापासून.

गणपतींनंतर तिला जाऊ दिलं. आणलेल्या बाटलीत साबुदाणाच साबुदाणा होता. ती तिनं कपाटात ठेवली, आधीच्या, कणीच्या बाटलीपासून एका बाटलीची जागा सोडून. पुढे तिनं समुद्रावर जाणंच सोडलं. बाबांना ती शब्दानंही बोलली नाही.

आता आत्या नाही. ते कपाट सुकापूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आहे. वास जवळजवळ उडालाय. थकलेले बाबा त्याच्यासमोर बसून असतात आणि मधूनच, जणू मीच काही लपवतेय अशा सुरात, विचारतात, "शालू इतकी बोलायची... अशी गप्प कधी झाली गं?"

मी कपाटाकडे बघते. आधीची बाटली आहे, नंतरची आहे. मधली जागा रिकामी आहे.