ओलं धोतर

माझ्याजवळ धोतरं दोनच. एक अंगावर, एक तारेवर. मिलमध्ये काम, घरी येईपर्यंत अंगभर रुई चिकटलेली, म्हणून आमच्याकडे धुणं रोजचं. बायको होती तोवर यात कधी खोट आली नाही. ती गेली, मुलाचं लग्न झालं आणि धरमपेठेतून सून आली. तिच्या माहेरी धुणं बुधवारी आणि रविवारी.

"मामाजी, अजून दोन धोतरं घ्या ना," ती म्हणाली.

"काहून? आंग तं एकच हाय."

"मग रोज धुवायला नाही लागत."

धुणं कमी करायचं म्हणून कपडे जास्त आणायचे, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. दुसरी पास नसलो तरी एवढं गणित मला येतं. मी घेतली नाहीत.

दुसरी भानगड खुंटीची. आमच्या घरात खुंटीवरचा कपडा म्हणजे घालायचा. तिच्या माहेरी खुंटीवरचा म्हणजे धुवायचा. आता हे कोण कोणाला सांगणार?

माझ्या पोरीला पाहायला पाहुणे येणार, तो बुधवार होता. ऐन मे महिना. वाळलेलं धोतर मी खुंटीला टांगून आंघोळीला गेलो. पंचा गुंडाळून बाहेर आलो तर खुंटी रिकामी. सोडलेलं आणि वाळलेलं, दोन्ही धोतरं बादलीत, साबणाच्या पाण्यात.

"हे काय केलं वं?"

"खुंटीवर होतं ना, मामाजी!" सुनेचा चेहरा उतरला. "यांची पॅन्ट देऊ?"

"पॅन्ट? मी पोरीचा बाप हाव, का सिनेमाले चाललो?"

पडद्याआडून पोरगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, घालून घ्या नं गा. पंच्यावर पाहून ते उठून जातीन."

दारात रिक्षा थांबली. मी एक धोतर बादलीतून ओढलं, नळाखाली खळबळलं, पिळलं आणि तसंच नेसलं. पाणी टपकत होतं. पाहुण्यांना तोंड कसं दाखवावं समजेना, म्हणून त्यांच्याकडे पाठ करून खाली बसलो. समोर देव आहेत हे बसल्यावर दिसलं.

मुलाचे वडील मुलाच्या मामाला हळूच म्हणाले, "ओलेत्यानं पूजा करून राहिले. आजकाल कोण करते गा? होऊ द्या त्याईचं."

पूजा मला येत नाही, ती बायको करायची. घंटी तेवढी वाजवली. धोतर वाळेपर्यंत वाजवत होतो.

लग्न जमलं. व्याही चारचौघांत सांगत, "आम्ही पोरगी मंग पाहिली. पयले बापाचं सोवळं पाहिलं."

आता पोरीकडे मुक्कामाला गेलो की सकाळी व्याही स्वतः माझं धोतर भिजवून, पिळून ठेवतात. वाळलेलं मागायला तोंड उघडलं की पोरगी माझ्याकडे अशी बघते की मी मुकाट ओलं नेसतो. त्या घरात धुणं रोज असतं की वाराला, ते मला अजून उमगलं नाही. माझं एक धोतर मात्र कायम ओलंच असतं, आणि हिवाळ्यात तिकडे थंडी फार.