मामीचा आवाज

माझा आवाज मोठा आहे. आमच्याकडे भाजी करपली की खाली वॉचमनला कळतं, असं नवरा म्हणतो, आणि त्यात फारसं खोटं नाही. पण नणंदेची मुलगी आमच्या पनवेलच्या घरी राहायला आली, तेव्हा तिच्यापुरता मी तो आवाज बंद केला. बाप आधीच गेला होता, मग गव्हाणला आईही आजारात गेली, आणि पोर कपड्यांची पिशवी घेऊन मामाकडे आली. सख्खी आई ओरडली तर वळण, मामी ओरडली तर छळ. सगळं गाव टपून बसलेलं असतं. मी ठरवलं, हिला एका शब्दानंही बोलायचं नाही.

पोर गुणी निघाली. जेवली की स्वतःचं ताट घासायची. मांदेली कितीही आवडली तरी पुन्हा मागायची नाही. माझा मुलगा तिच्याहून थोडा मोठा. ओल्या टॉवेलपासून गणिताच्या मार्कांपर्यंत दिवसभर माझी बोलणी खायचा. ती मात्र शहाण्यासारखी कोपऱ्यात बसायची. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलंस." मलाही तसंच वाटायचं.

नातेवाइकांची मुलं सांभाळणाऱ्यांसाठी इथे दर महिन्याला एक बैठक भरते. आजी-आजोबा असतात, एखादी आत्या, एखादा काका. बैठक घेणारी ताई माझ्या निम्म्या वयाची. तिथे मी तोऱ्यात सांगितलं, "आमची पोर कधी हट्ट करत नाही, कधी रुसत नाही."

ताई म्हणाली, "काकू, तुम्ही कुणाकडे पाहुण्या म्हणून जाता, तेव्हा रुसता का?"

मला राग आला. रिक्षात घरी येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात उत्तरं देत होते. रुसायला माणूस हक्काचं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. माहेरी मी बापाशी आठवडाभर अबोला धरायचे. म्हणजे ही पोर माझ्या घरात अजून पाहुणीच होती. मला फार वाईट वाटलं. ती जन्मभर अशीच राहिली तर?

पुढच्या बैठकीत मीच विचारलं, करू काय? ताई म्हणाली, "मुलाला जो नियम, तोच तिला. चुकली तर बोला. फक्त बोलून झाल्यावर उठून जाऊ नका. राग आला तरी माणूस तिथेच आहे, हे तिला दिसू दे."

सांगणं सोपं. माझी जीभच उचलेना.

मग एका संध्याकाळी ती क्लासमधून आलीच नाही. अंधार पडला, नवरा स्कूटर घेऊन गल्लीबोळ पालथे घालून आला. शेवटी बाईसाहेब उगवल्या. मैत्रिणीच्या गच्चीवर विमानं बघत बसली होती. दारातच खाली मान घालून म्हणाली, "सॉरी मामी."

आणि माझा आवाज सुटला. फोन का नाही केलास, जीव टांगणीला लागला होता आमचा, उद्यापासून गच्ची बंद! तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून येऊन मध्ये पडल्या, "अगो, नको बोलू, बिनआयची पोर ती."

"घरची हाय म्हनून बोलते!" मी त्यांच्यावरही ओरडले.

बोलून झालं. आत निघून जावंसं वाटलं, पण ताईचं ऐकून तिथेच खुर्चीत बसले. पोर पांढरीफटक पडली होती. वाटलं, इतक्या दिवसांचं सगळं मी घालवलं.

तेवढ्यात तिनं दप्तर आपटलं. "दरवेली मना एकटीलाच बोलतेस! दादाला काय पन नाय बोलत!" आणि खोलीचं दार धाडकन लावलं.

मुलगा जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. जन्मापासून बोलणी खाल्लेला तो, माझ्याकडे बघतच बसला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

रात्री ती जेवायला आली, पण गाल फुगवून. सकाळीही माझ्याशी बोलली नाही. मी शेजारीपाजारी, दूधवाल्याला, खाली वॉचमनला, सगळ्यांना सांगत सुटले, "आमची पोर माझ्यावर रुसलीय!"