तीन फराटे

२०१९ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा समोरच्या बांगडीवालीनं भर गल्लीत माझ्या हातावर चापट मारली.

चापट ही तिची सवयच. नेलपॉलिश लावताना बोट हललं की चापट. मग नवरी असो की सरपंचाची सून. पण मला त्याआधी फक्त एकदा मास्तरनं मारली होती, आणि त्यापायी मी दुसरीतच शाळा सोडली होती.

नांदूरघाटच्या आठवडी बाजारात ती बांगड्या विकायची. बाकीचे दिवस ओट्यावर बसून पोरींची नखं रंगवायची. स्वतःचे हात मात्र भुंडे, ना बांगडी ना रंग, नवरा गेल्यापासून. विधवा बाईच्या नखाला रंग लागल्यानं गावाचं काय बिघडत होतं कोण जाणे. पण मीही त्याच गावचा, कधी विचारलं नाही.

"तीनच फराटे," ती पोरींना सांगायची. "आधी मधला, मग दोन बाजूचे. चौथा मारला की वाटोळं."

मी खाटेवरून म्हणायचो, "वहिनी, नखभर जाग्याला एवढं शास्त्र? मी हातभर शिंगं रंगवतो."

"म्हनून तर तुमचा बैल कानापातूर रंगतो, भावजी."

पोरी खिदळायच्या. मी तंबाखू मळायचो.

आता खरं सांगतो. दोन वर्षांपासून माझा हात कापत होता. मागच्या पोळ्याला रंग बैलाच्या डोळ्यापर्यंत ओघळला. मुलगा म्हणाला, "आबा, यंदा शिंगं मी रंगवतो." चाळीस वर्षं माझ्या बैलांना दुसऱ्याचा ब्रश लागला नव्हता. मी त्याला शिव्या घातल्या. पण शिव्यांनी हात थोडाच थांबतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायच्या, खांदेमळणीच्या दुपारी, तिनं हाक मारली. "भावजी, या हिकडं. बसा." लाल बाटली माझ्या हातात दिली आणि स्वतःचा हात पुढं केला. "लावा."

"तुमाला? लोक काय म्हनतील?"

"उद्या शिंगं बिघडल्यावर काय म्हनतील? लावा."

पहिल्याच नखाला मी बोट लालभडक केलं. चापट बसली ती तेव्हा.

"कोपर मांडीवर टेकवा. करंगळी माझ्या हातावर. आता हालतो का बगा."

हालत नव्हता.

"ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसा, बदाबदा रंग कावून घेता? कातडीला शिवू नका, केसभर जागा सोडा. आन् नखाच्या कडंला आधी खोबरेल लावायचं, मंग सांडलं तरी निघतं." काडीला कापूस गुंडाळून, रंग काढायच्या औषधात बुडवून तिनं माझा पराक्रम पुसला.

चौथं नख सुधारलं. दहावं तर मलाच आवडलं. ती बोटं पसरून बराच वेळ बघत राहिली.

मी काडी उचलली. "पुसू का, वहिनी?"

"ऱ्हाऊ द्या. सन हाय."

आता ती नाही. गेली तेव्हा हात पुन्हा भुंडेच होते. ओट्यावर कुणीतरी मोबाईलचं दुकान काढलंय. तिथं बसणाऱ्या पोराला केसभर जागा सोडायचं कळत नाही, पाटी पार कडेपर्यंत रंगवलीय.

त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलाच्या शिंगाच्या बुडाला खोबरेल लावलं, करंगळी त्याच्या कपाळावर टेकवली आणि तीन फराटे मारले. मुलगा बघत होता. चौथा मारायचा लई मोह झाला. ब्रश डब्यात ठेवून दिला.