कालव्यावरचा पूल आणि एकशे आठ शेंगदाणे

समुद्रकिनारा म्हणजे सपाट. नेदरलँड्समध्ये सतरा वर्षं काढलेल्या माणसाला याबद्दल शंकाच येत नाही. इथे समुद्र बांधापलीकडे आणि अलीकडे सगळं पोळपाटासारखं. म्हणून इथल्या बेस्ट गावच्या नीलिमाकाकूंनी माल्टाशेजारच्या गोझो बेटावरची एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचा अर्ज भरला, तेव्हा फक्त अंतर बघितलं.

"किनाऱ्याकिनाऱ्यानं पळायचंय, सतीश! पाणी बघ काय निळं आहे फोटोत."

फोटो कड्याच्या टोकावरून काढलेला होता, हे दोघा इंजिनिअर नवरा-बायकोंपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

गोझोला किनारा आहे, पण तो उभा आहे. कड्यावर चढायचं, खाडीत उतरायचं, पुन्हा चढायचं. चौदाव्या किलोमीटरला एक छोटी खाडी लागते आणि तिथे अडीच तासांच्या आत पोचावं लागतं, नाहीतर शर्यतीतून बाद. काकू अकरा मिनिटं उशिरा पोचल्या. त्यांना मिनीबसमध्ये बसवलं. म्हाताऱ्या ड्रायव्हरनं प्रेमानं एक बिस्किट पुढे केलं. काकूंनी ते खाल्लं नाही. खिशात घालून बेस्टपर्यंत आणलं.

मी तेव्हा नुकतीच त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आले होते. त्या बिस्किटाचा चुरा स्वयंपाकघराच्या खिडकीत कितीतरी दिवस एका वाटीत होता आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकूंची मैत्रीण चारुता म्हणाली, "अगं, पन्नाशीत एवढं पळालीस हेच खूप!"

"चारुता, तू पुरणपोळी एकाच बाजूनं भाजून वाढतेस का?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. आमच्याकडे मशीन चौदाव्या पायरीवर बंद पडलं, तर आम्ही त्याची पाठ थोपटत नाही. कारण शोधतो."

काकू चिप बनवणाऱ्या यंत्रांची चाचणी करतात. घरी येऊन त्यांनी फ्रिजवर कागद लावला. 'कारण : चढ ६४० मीटर. सराव : ० मीटर.'

"जिमला जा ना," सतीशकाका म्हणाले. "ट्रेडमिलला चढ लावता येतो."

"चढ लावता येतो, उताराचं काय? माझे गुडघे उतारावर गेले."

"मग इथे डोंगर कुठून आणणार?"

डोंगर नव्हता. कालव्यावर सायकलींचा पूल होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनशे मीटर, मधोमध सहा मीटर उंच. सतीशकाकांनी मोबाइलवर भागाकार केला. "एकशे सात वेळा ओलांडलास की झाला तुझा गोझो."

"एकशे आठ," काकू म्हणाल्या. "आई सोमवतीला पिंपळाला घालायची तेवढ्या. प्रत्येक फेरीला एक बत्तासा ठेवायची, म्हणजे मोजणी चुकत नाही."

बत्तासे इथल्या पावसात विरघळले असते. म्हणून शेंगदाणे. कमरेच्या पिशवीत एकशे आठ दाणे मोजून घ्यायचे आणि पुलाच्या माथ्यावर ठेवलेल्या डब्यात दर फेरीला एक टाकायचा. पहिल्या रविवारी वीसच दाणे पडले आणि दुसऱ्या दिवशी पाय एवढे धरले की काकू घरातला जिना उलट्या उतरल्या. मी हसले.

"हस. पुढच्या रविवारी थर्मास घेऊन तूच बसायचंस डब्यापाशी."

बसले. काय करणार, घरमालकीण!

एक डच आजोबा रोज कुत्रं घेऊन तिथून जायचे. चौथ्या रविवारी न राहवून त्यांनी विचारलं, "तुमचं काही हरवलंय का?"

"हो," काकू पळता पळता डचमध्येच म्हणाल्या, "डोंगर."

त्यानंतर दर रविवारी आजोबांचं एकच. "सापडला?"

"अर्धा!" नोव्हेंबरात काकू ओरडल्या. जानेवारीत वारा असा की सायकलवाले उतरून चालत होते. त्या दिवशी पंचाऐंशी झाल्या. फेब्रुवारीच्या शेवटी काकूंनी जाहीर केलं, "आज पूर्ण."

त्या दिवशी सतीशकाकाही आले. मी चहा ओतायला वळले, काकांनी फोन काढला, आणि तेवढ्यात दोन कावळे डब्यावर बसले. डबा कलंडला. शेंगदाणे पुलावर, मग पोटात.

काकांना हसू आवरेना. "नीलिमा, कावळा शिवला गं! इच्छा पुरी झाली, चल घरी."

"मी जिवंत आहे अजून." काकू थांबल्याच नाहीत.

"अगं पण मोजणी गेली! किती झाल्या कसं कळणार?"

माथ्यावर परत येईपर्यंत काकूंनी पिशवीत हात घालून दाणे चाचपले होते. "गेले ते झालेले. उरलेले माझ्यापाशी आहेत. सदतीस. संहिता, डबा सरळ कर आणि झाकण धर."

मी झाकण धरून बसले. शेवटचा दाणा पडला तेव्हा कुत्रंसुद्धा बसलं होतं. आजोबांनी भुवया उंचावल्या. काकूंना धाप लागली होती, म्हणून मीच ओरडले, "सापडला!"

एप्रिलमध्ये आम्ही तिघं गोझोला गेलो. खाडीपाशी तीच मिनीबस, तोच ड्रायव्हर. मी आणि काका कठड्यापाशी उभे. दोन तास दहा. दोन तास वीस. वरच्या वळणावर कोणी नाही.

"येईल गं," काका मला म्हणाले. त्यांचा आवाज तसा नव्हता.

दोन तेवीसला वळणावर काकूंची केशरी टोपी दिसली. उतार. गेल्या वर्षी त्या इथे कठडा धरून, एकेक पाऊल टाकत उतरल्या होत्या. आता पावलं आखूड, भराभर, पुलावर उतरायच्या तशीच. दोन तास सव्वीस मिनिटांना काकूंनी रेघ ओलांडली.

ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं. इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, खिडकीची जागा ठेवलीय!"

"माझ्या नवऱ्याला द्या," काकू पाण्याचा घोट घेत म्हणाल्या. "सकाळपासून उभा आहे बिचारा." आणि समोरच्या चढाला लागल्या.

काका खरंच बसले. मीही. बस आम्हाला शेवटच्या रेघेशी घेऊन गेली. तिथे काकू पोचल्या तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झाली होती आणि त्यांच्या मागे चारच जण होते. पदक गळ्यात पडलं. सतीशकाका चष्मा पुसत राहिले.

काकू मात्र थेट ड्रायव्हरकडे गेल्या आणि हात पुढे केला. "बिस्किट द्या. आता खाते."

ड्रायव्हरनं सतीशकाकांकडे पाहिलं. काकांनी शर्टावरचा चुरा झटकला.