सव्वा मिनिटाचा राखाडी तुकडा

कंपनीत त्याला सगळे शिंपी म्हणत. सुईदोऱ्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. शर्टाचं बटण तुटलं तर तो दोन-दोन दिवस तसाच हिंडायचा. पण टेप कापून जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

हे काम असतं तरी कशाचं, ते सांगायला हवं. शंभर गाणारे, ऐंशी वाजवणारे, पुढे चार मुख्य गायक, एवढी जत्रा एका सभागृहात गोळा करायची आणि तासाभराची जुनी रचना एका दमात बिनचूक व्हावी म्हणायचं, हे कुणाच्याच कपाळी नसतं. कुठे तुतारी घसरते, कुणाला नेमका शांत जागी खोकला येतो, कुणाची खुर्ची करकरते. मग एकेक भाग पाचदा, सातदा, अकरादा मुद्रित करायचा आणि सगळी भेंडोळी शिंप्याच्या टेबलावर आणून टाकायची. तो अर्धं ब्लेड घेऊन बसायचा. हाताने रिळं मागेपुढे फिरवून नेमका सूर पकडायचा, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, तिरका छेद द्यायचा, पाठीमागून चिकटपट्टी. तिसऱ्या वेळच्या ओळीला सातव्या वेळची ओळ अशी लागायची की गाणाऱ्याला स्वतःला कळू नये. प्रत्येक जोडाची नोंद एका कागदावर करायची: अमुक जागी अमुक क्रमांकाची टेप. तो कागद डब्यात, डबा कपाटात.

तेहतीस वर्षं हे करून तो निवृत्त झाला आणि दोन वर्षांनी कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं. जुनी नावाजलेली मुद्रणं नव्याने बाहेर काढायची होती आणि त्यातलं सगळ्यात नावाजलेलं होतं त्याच्याच हातचं, नोकरीच्या पहिल्या वर्षाचं. मेलेल्यांसाठी करायच्या प्रार्थनेवर बांधलेली मोठी रचना, आता कुणीच बोलत नाही अशा भाषेतली. तेवढी टेप मशीनवर चढवायला ध्वनितंत्रज्ञ बाई घाबरत होत्या. बाई चाळिशीतल्या, दोन पोरांच्या आई, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. पण म्हणाल्या, "काका, जोड वाळलेत. हात लावला की सुटतायत. तुमचं लेकरू तुम्हीच उचला."

त्याने रीळ लावलं. पहिली वीस मिनिटं बरी गेली. दोन जोड सुटले ते पुन्हा लावले. मग मुख्य गायिकेचा तो भाग आला, ज्याच्यासाठी लोक ही रेकॉर्ड जपून ठेवतात: मागे शंभर गाणाऱ्यांचा कोरस अगदी हळू आवाजात आणि त्यावर एकटी बाई, सव्वा मिनिट. त्या भागाच्या सुरुवातीचा जोड सुटला, शेवटचाही सुटला आणि सव्वा मिनिटाची टेप, म्हणजे अठ्ठावीस मीटर, भसकन जमिनीवर आली.

बाई वाकून बघायला लागल्या. "काका, ही राखाडी आहे."

बाकी टेपची पाठ तपकिरी. हा एकच तुकडा राखाडी. बाईंनी डब्यातला कागद काढला. "इथे तुम्ही लिहिलंय, टेप नऊ. टेप नऊ तर तपकिरी आहे, आत्ताच बघितली मी. मग हे कुठलं?"

तेहतीस वर्षांत त्या कागदावर त्याने एकच खोटी नोंद केली होती आणि ती आता वेटोळं होऊन त्याच्या पायाशी पडली होती. तो स्टुलावर बसला.

"ही आमची ताई आहे," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्याची थोरली बहीण तेव्हा त्या कोरसमध्ये गायची. एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि मंगळवारी, शुक्रवारी संध्याकाळी तालमीला जायची. सगळा कोरस तसाच होता, कारकून, शिक्षक, परिचारिका. मुद्रणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माइक बसवायचे होते आणि मुख्य गायिका अजून हॉटेलात झोपलेली. कंडक्टरने, म्हणजे समोर उभं राहून हातातल्या काठीने सगळ्यांना चालवणाऱ्या माणसाने, दुसऱ्या रांगेकडे काठी रोखली: तू, चष्मेवाली, पुढे ये, तिच्या जागी म्हण, यांना आवाज तपासू दे. (घरी आईला जन्मभर वाटत राहिलं की हा कंडक्टर बसमधला. पोरीला एवढं झापतो म्हणजे हिने तिकीट काढलं नसणार.) ताई पुढे आली, गायली आणि मागे जाऊन उभी राहिली. ते चाचणीच्या स्वस्त राखाडी टेपवर उतरलं. तपास झाला की ती पुसायची.

दुपारी मुख्य गायिका आली ती घसा धरून. अकरा वेळा प्रयत्न झाला. अकराही वेळा वरच्या सुराला आवाज चिरकला. संध्याकाळच्या विमानाने ती गेलीसुद्धा. रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी कंडक्टर शिंप्याच्या खोलीत आला, दार लावलं आणि म्हणाला, सकाळचा तो तुकडा लाव. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, या मशीनला ठाऊक.

एक अडचण होती. सकाळी सभागृह गार होतं, वाद्यं थोडी खाली बोलत होती. दुपारी तापून वर चढली होती. दोन्ही तुकडे तसेच जोडले असते तर सूर पायरी चुकल्यासारखा अडखळला असता. मग शिंप्याने मशीनच्या फिरत्या दांडीवर चिकटपट्टीचा एक वेढा दिला, म्हणजे टेप शंभरात एक भाग जोरात पळावी. तसा तो तुकडा दुसऱ्या राखाडी टेपवर उतरवला आणि जोडला. वाद्यवृंद जुळला. ताईचा आवाजही तेवढा वर सरकला, पातळ झाला, चकाकला.

"आणि त्या मुख्य गायिकेला कळलं नाही?"

"तिने पसंतीची सही करून पाठवली. म्हणाली, बारावा प्रयत्न छान झाला." तो ओशाळं हसला. "बारावा झालाच नव्हता."

गायिकाही आता नव्हती, कंडक्टरही नव्हता. मशीन भंगारात गेलं होतं. उरला एकटा शिंपी.

"म्हणजे तुमच्या ताईंना अजून माहीत नाही?" बाईंचा आवाज चढला. "काका, अहो, सांगा त्यांना. कुणाला आनंद होणार नाही? जगभर लोक ऐकतात ते."

हे त्याला पटलं. उलट, इतकी वर्षं आपण गप्प का बसलो याचंच नवल वाटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो ताईकडे गेला, एखाद्याने नोकरी लागल्याचं सांगायला जावं तसा, केस विंचरून.

ताई खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. भावजी खिडकीशी पेपर वाचत होते.

"ताई, एक कबुली द्यायचीय. पण चांगली आहे."

"दुसरं लग्न करतोस की काय, बारक्या? पहिलीला विचारलंस का?"

त्याने सांगितलं. सगळं, क्रमाने, चिकटपट्टीच्या वेढ्यासकट. सांगताना तो इतका रंगला की ताईच्या हातातली उशीची खोळ चौथ्यांदा घडी होऊन पुन्हा उलगडली, हे त्याला दिसलंच नाही.

"कुठला भाग म्हणालास?"

त्याने गुणगुणून दाखवला. बेसूर, पण ओळखू येण्याइतका.

"ती मी नव्हे," ताई म्हणाली.

"अगं, मी स्वतः कापलाय."

"मी नव्हे ती. माझा आवाज मला ठाऊक नाही का?"

"आपला आवाज आपल्याला डोक्याच्या आतून ऐकू येतो, ताई. बाहेरून ओळखता येत नाही कुणालाच. त्यात मी तो शंभरात एक भाग वर चढवलेला. आणि रेकॉर्डच्या पाकिटावर नाव त्या मुख्य गायिकेचं. मग तू कशी ओळखणार?"

ताई पलंगावर बसली. कपड्यांच्या घड्यांवरच बसली. भावजींनी पेपर खाली घेतला.

"मी गाणं का सोडलं, माहीत आहे तुला?"

"लग्न झालं. मग पोरं..."

"त्या सव्वा मिनिटापायी सोडलं मी."

"त्या दिवशी सकाळी मी म्हटलं," ताई सावकाश, हिशेब चुकू नये तशी बोलत होती, "आणि मला वाटलं, जमलं. कधी नव्हे ते जमलं. चार महिने माझे पाय जमिनीवर नव्हते. पुढच्या वर्षी एकटीने गायची परीक्षा द्यायची ठरवलं होतं. अर्ज आणून ठेवला होता. मग रेकॉर्ड आली. तूच आणून दिलीस. मी लावली, तो भाग आला आणि मला माझीच लाज वाटली. म्हटलं, गाणं याला म्हणतात. आपण सकाळी जे केलं ती नुसती चुलीवरची फुंकर. त्या मंगळवारी तालमीला गेले नाही. पुढच्याही नाही. कुणी विचारलं तर सांगायची, घसा बसलाय."

"आणि तुझी आई," भावजी पेपराला म्हणाले, "जाईपर्यंत मला टोमणे मारत होती. जावयाने पोरीचं गाणं बंद केलं. तूही मारलेस, बारकू. परवाच्या वाढदिवसाला मारलास."

"हो," शिंपी म्हणाला. खरंच मारला होता.

"तू रविवारी जेवायला यायचास," ताई म्हणाली. "मी रेकॉर्ड लावायची. तो भाग आला की मी हातातलं काम ठेवून ऐकायची. तू समोर बसलेला असायचास. तेव्हा तुला काय वाटायचं?"

खोटं बोलण्याइतकंही त्राण त्याच्यात नव्हतं. "बरं वाटायचं. वाटायचं, ताई स्वतःलाच ऐकतेय आणि हिला पत्ताही नाही. गंमत वाटायची."

"गंमत," ताई म्हणाली. तिने तो शब्द असा उच्चारला की भावजी उठून बाहेर गेले.

शिंपी उठला, बसला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: एका बाईचा अख्खा जन्म आणि त्याला तिरका छेद मी दिला. जोडही मीच लावला, कळू नये असा.

"उद्या किती वाजता उघडतं तुमचं?" ताईने विचारलं.

दहाच्या ठोक्याला ती दारात उभी होती. ठेवणीतली साडी नाही, काही नाही. चष्मा पुसत आली आणि तंत्रज्ञ बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली. शिंप्याकडे बघितलं नाही. बाईंनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. टेप आता संगणकात उतरली होती.

"आधी त्या गायिकेचं लावा," ताई म्हणाली. "खरंखुरं."

टेप नऊ वाजली. ताईने ऐकली. "बिचारी. किती आजारी होती ही."

"आता माझं. शंभरातला तो एक भाग काढून."

बाईंनी शिंप्याकडे बघितलं. नेमका किती वाढवला होता, ते त्या खोलीत त्यालाच माहीत होतं. त्याने आकडा सांगितला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

सव्वा मिनिट. ताईचा चेहरा हलला नाही. "पुन्हा." पुन्हा सव्वा मिनिट. तिसऱ्या खेपेला तिची बोटं टेबलावर मोजायला लागली.

"इथे श्वास उशिरा घेतलाय," ती म्हणाली. "आणि इथे शब्द गिळलाय. पण ही बाई गायला हवी होती हो. अजून वीस वर्षं तरी."

तंत्रज्ञ बाईंनी नाक ओढलं आणि घाईघाईने कामाचं काढलं. "ताई, हा तुकडा मुळासारखा ठेवला तर दोन्हीकडे सूर बसकन खाली-वर होतो. कळतं. पण मला एक करता येईल. तुमचा आवाज राहू दे जिथल्या तिथे, बाकी सगळी रेकॉर्ड मी तुमच्यापर्यंत खाली आणते. कोरस, वाद्यं, सगळे. अर्ध्या-पाऊण मिनिटाने लांबेल, एवढंच."

शिंप्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. दोनशे माणसं एका ताईपुढे वाकणार.

"नको," ताई म्हणाली. "त्यांनी काय घोडं मारलंय? त्यांचेही आवाज बदलायचे आणि त्यांनाही सांगायचं नाही? तसेच राहू देत सगळे, जसे गायले तसे. मीही."

"मग जोड ऐकू येईल."

"येऊ दे."

"लोक म्हणतील, काम कच्चं आहे. काकांचं नाव आहे पाकिटावर."

आता पहिल्यांदा ताईने भावाकडे बघितलं. रागाने नाही. काचेतून बघावं तसं.

"येऊ दे ऐकू," शिंपी म्हणाला. "आणि पाकिटावर तिचंही नाव घाला. साहेबांना मी लिहून देतो, नऊ नंबरची नोंद खोटी होती, मी केली म्हणून. काय करायचं ते करू देत."

"घाला की नाव," ताई म्हणाली. "लाजायचं काय त्यात?"

बाईंनी तुकडा जागेवर बसवला, खोलीतले स्पीकरही चालू केले आणि आधीपासून वाजवलं. जोड आला. सूर असा खचला की दारातून जाणाऱ्या झाडूवालीनेही मान वळवली. शिंप्याने डोळे मिटले. पुढचं सव्वा मिनिट एक बत्तीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानातली बाई, माइक तपासायचे म्हणून, कुणाचीही भीती न बाळगता गात राहिली. मग दुसरा जोड आणि सूर पुन्हा वर.

बाईंनी थांबवायला हात पुढे केला. ताईने तो धरला.

रेकॉर्ड वाजत राहिली. शेवटी शिंप्यालाच राहवलं नाही.

"ताई, घरी सोडू का?"

"थांब जरा," ताई म्हणाली. तिचं लक्ष हेडफोनमध्ये होतं, पाठ ताठ झाली होती. "आमच्या रांगेची पाळी येतेय."